पिकाच्या रोगाच्या फोटोत डिदरिंग कुठं करायचं ते आपण ठरवा, ऑटोवर सोडू नका

सोयाबीनवाला_वाशीम
राजेहो, आपल्यातले बरेच जण गावच्या गटासाठी नाहीतर कृषी केंद्रासाठी साईटचे फोटो अन माहितीची पोस्टरं बनवतात म्हणून हा विषय काढतो. फाईल हलकी व्हावी म्हणून आपण पोस्टर आठ बिटच्या पीएनजीत सेव्ह करतो, म्हणजे जास्तीत जास्त २५६ रंग. रंग कमी पडले की सॉफ्टवेअर मधल्या छटा ठिपके मारून भरते, हिरवा ठिपका अन पिवळा ठिपका शेजारी ठेवला की दुरून पोपटी दिसते, हेच डिदरिंग. आभाळ, माती, ढेकळं यात काही बिघडत नाही, उलट चांगलं दिसते.

पण सोयाबीनच्या पानावर काय होते ते पहा. पिवळ्या मोझॅक रोगात पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे पडतात. लोह कमी पडलं तर कोवळं पान पिवळं होते पण शिरा हिरव्या राहतात. म्हणजे ओळखायची जागा शिरेजवळ आहे, अन हिरव्याचा पिवळा तिथंच होतो म्हणून डिदरिंगचे ठिपकेही तिथंच पडतात. शिरेची धार गेली की लोहाच्या कमतरतेचं पान मोझॅकसारखं दिसायले लागते. मोझॅकचं झाड उपटून तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा लागते, लोहाच्या कमतरतेले फेरस सल्फेटचा फवारा लागतो. पोस्टर पाहून माणूस उभं झाड उपटते भाऊ, हे साधं काम नाही.

म्हणून माझं मत, प्लगइन (सॉफ्टवेअरले जोडायचा छोटा प्रोग्राम) वापरून सिलेक्शननं, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग निवडून, ठरवा. पानावर ठिपक्यांचा जोर कमी, मागच्या भागात पाहिजे तेवढा. ज्याले पान कळते त्यानंच हे ठरवावं.

दर्यापूरचा_डिझायनर
मले हा वादच पटत नाही. डिदरिंगची डोकेदुखी २५६ रंगांच्या मॉनिटरच्या काळातली, तेव्हा वेबसेफ म्हणून २१६ रंगांची पट्टी धरून बसा लागे आणि ठिपके कुठं पडतील हे सांभाळायले फोटोशॉपवाले वेगळी प्लगइनं ठेवत. आता कोणाच्या मोबाईलात २५६ रंगांची स्क्रीन आहे? जेपीईजी करा, नाहीतर वेबपी करा, ते २०१० पासून आहे. लाखो रंग मिळतात, ठिपक्याचा प्रश्नच उरत नाही. जुनं तंत्र धरून ठेवायचं अन मग त्याचा इलाज शोधत बसायचं, काहून?

सोयाबीनवाला_वाशीम
नुसता फोटो असता तर मीही जेपीईजीच केलं असतं. पोस्टरवर पान आहे, बाण आहे, नावं आहेत, औषधाचं प्रमाण आहे. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबते, क्वालिटी खाली आणली की अक्षराच्या कडेला घाण येते. वेलांटी अन अनुस्वार पुसट होतात ते एक वेळ चालून जाईल, पण प्रमाणातला दशांशाचा टिंब गेला तर? ०.५ चं ५ वाचलं म्हणजे दहापट औषध पंपात गेलं.

कोडवाला_पुसद
मग अक्षर चित्रात टाकताच कशाले? मजकूर वेबपेजवर मजकूर म्हणून ठेवा, फोटो वेगळा जेपीईजी, दोन्ही साफ राहतात आणि मजकूर सर्चमधेही सापडते. अन पीएनजीच पाहिजे असन तर पीएनजीक्वांट (पीएनजीचे रंग कमी करून फाईल हलकी करणारं सॉफ्टवेअर) वापरा, ते आंधळेपणानं ठिपके मारत नाही, धारेजवळ कमी मारते, रंगाच्या हलक्या चढउतारात जास्त. शिवाय ०.५ का ०.३ असा ठिपक्यांचा जोर आपल्या हातानं देता येतो. एका पोस्टरमागे सिलेक्शन मारत बसायले टाइम कोणाजवळ आहे, हंगामात रोज नवीन सल्ला टाका लागते.

सोयाबीनवाला_वाशीम
टाइमाचं बरोबर आहे. पण लोक पोस्टर डाऊनलोड करून पुढं पाठवतात, साईटवरचा मजकूर मागंच राहते आणि पान एकटं फिरते, कोणत्या रोगाचं हे कोणाले माहीत नाही. म्हणून नाव अन प्रमाण चित्रातच पाहिजे. पीएनजीक्वांट चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही, पण त्याले रंगातला फरक कळते, शीर कळत नाही. मोझॅकच्या चट्ट्याची कड ही त्याच्यासाठी हलका चढउतार आहे, अन आपल्यासाठी तीच निशाणी आहे.

कोडवाला_पुसद
पुढं पाठवलं की व्हॉट्सअॅप त्याचं जेपीईजीच करते, तुमची मेहनत तिथंच संपली. उलट ठिपक्यांचं चित्र जेपीईजीत अजून वाईट दाबल्या जाते, बारीक ठिपके म्हणजे सगळा बारीक तपशील, तोच आधी कापल्या जाते.

सोयाबीनवाला_वाशीम
डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाईल जशीच्या तशी जाते, आमच्या गटात तसंच सांगून ठेवलं आहे. अन तुमचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा झाला, पानावर ठिपके कमी असले तर पुढं जेपीईजी झालं तरी पान कमी बिघडते.

मोर्शीची_ताई
दादा, तुमचं सोयाबीनचं पटलं पण पानावर, फळावर ठिपके एकदम बंद करा असं कोणी वाचू नये म्हणून लिहिते. आमच्याकडं संत्रा. फळ गोल, उजेडाकडून सावलीकडं रंग हळूहळू उतरतो. तिथं डिदरिंग शून्य केलं की रंगाचे पट्टे पडतात, एक पट्टा संपून दुसरा सुरू होतो तिथं साफ रेघ दिसते. सालीवर डाग आहे असंच वाटतं. मी कोळशी रोगाच्या माहितीसाठी निरोगी फळ आणि काळं पडलेलं फळ शेजारी ठेवलं होतं, ठिपके बंद करून पाहिलं तर निरोगी फळाच्या सावलीच्या बाजूला तपकिरी चकती तयार झाली. म्हणजे ठिपके ठेवले तरी खोटा रोग, काढले तरी खोटा रोग. माझ्या मते संत्र्यावर थोडं डिदरिंग पाहिजेच, आणि रंगांची संख्या वाढवायला पाहिजे.

सोयाबीनवाला_वाशीम
ताई, हे मले फार महत्त्वाचं वाटते. एकच आकडा सगळ्या चित्राले लावता येत नाही, हेच तर म्हणून राहिलो.

दर्यापूरचा_डिझायनर
मग साईजचं काय? ठिपके मारले की फाईल वाढते हे कोणीच सांगून नाही राहिलं. पीएनजी असो की जीआयएफ, एकसारखा रंग सलग आला तर दाबल्या जाते, ठिपक्यांनी तो सलगपणा मोडते. हलकं करायले निघाले अन जड करून बसले, असं होते.

कोडवाला_पुसद
हे खरं आहे. फ्लॉइड-स्टाइनबर्ग, १९७६ ची पद्धत, प्रत्येक पिक्सेलची चूक शेजारच्या चार पिक्सेलांत वाटून देते, ७, ३, ५ अन १ भाग सोळापैकी, म्हणून ठिपके कुठंही कसेही पडतात अन दाबायले कठीण जाते. जाळीसारखी ठरलेली पद्धत घेतली तर नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते, थोडं बरं दाबल्या जाते, पण जाळी डोळ्याले दिसते. लो-टेक मॅगझीन नावाच्या ऑनलाईन मासिकानं २०१८ मधे सौर उर्जेवर चालणारी साईट काढली तेव्हा फोटो हलके करायले डिदरिंगच घेतलं, पण त्यांनी रंगच काढून टाकले होते. आपल्याले रंग काढता येत नाही, रंगावरच रोग ओळखा लागते.

बांध_ते_बाजार
मी डिझाईनवाला नाही, कृषी केंद्र चालवतो. माणूस दुकानात येऊन मोबाईल पुढं करते, दोन बोटांनी पान मोठं करते अन म्हणते "माझं असंच आहे का पहा". मोठं केल्यावर ठिपके दिसतातच, स्क्रीन कितीही भारी असो. मले अक्षर थोडं खराब चालते, तोंडी सांगता येते. पान खराब चालत नाही, त्यावरून मी औषध देतो.

मोर्शीची_ताई
सोयाबीनवाले दादा, तुम्ही करता कसं ते तरी लिहा, जिंपमधे (फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर) असेल तर मलाही जमेल.

सोयाबीनवाला_वाशीम
हाव, जिंपच आहे. पान सिलेक्ट करून प्लगइननं त्याचे रंग ६४ पर्यंत आणतो, डिदरिंग जवळपास बंद. मग सिलेक्शन उलटं करून मागचा भाग ३२ रंगांत, डिदरिंग चालू. अक्षरं सगळ्यात शेवटी टाकतो. सगळे मिळून २५६ च्या आत राहतात. मग मेनूत इमेज, मोड, इंडेक्स्ड (म्हणजे ठरावीक रंगांची पट्टी) मधे जाऊन डिदरिंग "नाही" ठेवा, म्हणजे ते पुन्हा ठिपके मारत नाही. तुमच्या संत्र्यासाठी फळाले ९६ रंग द्या अन जोर थोडा ठेवा.

कोडवाला_पुसद
माझं मत तेच, रोजच्या सल्ल्याले मजकूर वेगळा अन फोटो जेपीईजी. पण वर्षभर फिरणारी रोग ओळखायची पोस्टरं असतील तर मूळ पूर्ण रंगाची फाईल अन सिलेक्शन दोन्ही सांभाळून ठेवा, इंडेक्स्ड केलेल्यावरून पुन्हा मागं येता येत नाही.