तक्रारीनंतर करार संपवला: माजी रुग्णालयाविरुद्ध दावा टिकेल का?

प्रश्न (भूलतज्ज्ञ, ठाणे)

मी ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात पूर्णवेळ भूलतज्ज्ञ म्हणून काम करत होते. ज्या रात्री मी ड्युटीवर नव्हते, त्या रात्रींच्या आयसीयू नोंदींखाली माझे नाव घातलेले आणि त्याच नोंदींच्या आधारे विमा कंपनीकडे व्हेंटिलेटरचे शुल्क लावलेले आढळल्यावर मी वैद्यकीय अधीक्षकांकडे ईमेलने तक्रार केली. तिला उत्तर आले नाही; काही आठवड्यांत करार संपवल्याचे पत्र मात्र आले, आणि त्यात ‘आपल्या सेवांची यापुढे आवश्यकता नाही’ यापलीकडे कारण नव्हते. नोटिशीच्या काळाची फी थकली आहे, शिवाय दुसऱ्या एका रुग्णालयाला माझ्याविषयी प्रतिकूल मत कळवले गेल्याचे समजते. अमेरिकेतील माझा भाऊ म्हणतो की तिकडे अशा सूडाविरुद्ध डॉक्टरांना थेट दावा करता येतो. आपल्याकडे २०१४ चा जागल्या (व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणारा) संरक्षण कायदा मला उपयोगी पडेल का? माझी फी व्यावसायिक शुल्क म्हणून टीडीएस कापून मिळत असे, पगार म्हणून नव्हे.

उत्तर १ (वकील, ठाणे न्यायालय)

डॉक्टर, तो कायदा आपल्या उपयोगाचा नाही. तो लोकसेवकांच्या गैरव्यवहाराविषयीच्या तक्रारींपुरता आहे, आणि राष्ट्रपतींची संमती मिळूनही तो अद्याप अमलात आलेला नाही. त्यापेक्षा रुग्णालय चालवणारी कंपनी कोणती आहे ते पाहा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, लोकांकडून ठेवी घेत असेल किंवा बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून तिने ५० कोटी रुपयांपेक्षा अधिक कर्ज घेतले असेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार तिला तक्रारींसाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते आणि ती यंत्रणा वापरणाऱ्यांना छळापासून संरक्षण द्यावे लागते. अर्थात, आपली तक्रार त्या यंत्रणेकडे गेली नव्हती, अधीक्षकांकडे गेली होती, हा युक्तिवाद समोरून होणारच.

खरी अडचण करारात असते. दोघांपैकी कोणीही नोटीस देऊन, कारण न सांगता करार संपवू शकतो असे कलम त्यात असेल, तर सूडबुद्धी सिद्ध होऊनही फार काही हाती लागत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा सक्तीने पुन्हा सुरू करत नाही, आणि नुकसानभरपाई बहुधा नोटिशीच्या काळाच्या मोबदल्यापुरती मर्यादित राहते. म्हणून थकीत फीचा दावा भक्कम आहे आणि ‘सूड’ हा त्यामागचा पुरावा आहे, स्वतंत्र दावा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. करारात लवादाचे कलम आहे का, तेही कळवा.

उत्तर २ (निवृत्त रुग्णालय प्रशासक, नेरूळ)

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण आपली बाजू त्यांनी रंगवली तितकी दुबळी नाही. व्यवसायबांधवांचे अप्रामाणिक वर्तन निर्भयपणे उघड करावे असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियम १.७ मध्येच म्हटले आहे, त्यामुळे ‘हिने संस्थेशी द्रोह केला’ हा सूर लवादापुढे टिकणे कठीण आहे. मात्र त्याच संहितेत रुग्णाची गोपनीयताही आहे. रुग्णांचे कागद मोबाइलवर काढून नेणे किंवा ते नातेवाइकांना दाखवणे टाळा, नाहीतर मूळ प्रश्न बाजूला राहून आपल्यावरच कारवाई सुरू होते. हे मी एकाहून अधिक प्रकरणांत पाहिले आहे. आपल्याला उपयोगी पडतील ते ड्युटी रोस्टर, बायोमेट्रिक हजेरी आणि आपला ईमेल. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, म्हणून त्या नष्ट करू नयेत अशी लेखी नोटीस लगेच द्या. ईमेलसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र लागेल. आपल्या नावाने दुसऱ्याने नोंदी केल्या असतील तर तो गुन्ह्याचा वेगळा विषय आहे, पण फौजदारी तक्रार फी वसुलीचे हत्यार म्हणून वापरू नका.

उत्तर ३ (डॉक्टर, वाशी)

भावाच्या म्हणण्याला एक मर्यादा आहे. अमेरिकेच्या फॉल्स क्लेम्स ॲक्टमध्ये सूडाने काढलेल्यास पुनर्नियुक्ती, थकीत वेतनाच्या दुप्पट रक्कम आणि वकिलाचा खर्च मिळू शकतो, आणि २००९ पासून कंत्राटी व्यक्तींनाही ते संरक्षण आहे. पण तो कायदा मेडिकेअरसारख्या सरकारी पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. कॅलिफोर्नियात रुग्णसुरक्षेच्या तक्रारीनंतर १२० दिवसांत रुग्णालयाने कारवाई केली, तर ती सूडाची आहे असे प्रथम गृहीत धरून ते खोडण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकतात. तसे गृहीतक आपल्याला इथे मिळणार नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. करारात लवादाचे कलम आहे, आणि एकमेव लवाद रुग्णालयाच्या व्यवस्थापकीय संचालकांनी नेमायचा आहे.

उत्तर १ (वकील, ठाणे न्यायालय)

मग दिवाणी न्यायालयात गेल्यास रुग्णालय १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ८ खाली आपल्याला लवादाकडे पाठवण्याची मागणी करेल. परंतु निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकतर्फी एकमेव लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ मध्ये अमान्य केले आहे. आपण लवादाची नोटीस पाठवून तटस्थ नाव सुचवा. ३० दिवसांत सहमती झाली नाही तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. करारभंगाची मुदत तीन वर्षांची असते आणि लवादाची नोटीस रुग्णालयाला मिळाली की लवाद सुरू झाला असे धरले जाते. दुसऱ्या रुग्णालयाला कळवलेल्या मजकुराचा प्रश्न मात्र वेगळा ठेवा, कारण बदनामीच्या दाव्याची मुदत एकच वर्ष आहे आणि लवादाच्या नोटिशीने ती आपोआप थांबेल असे गृहीत धरू नये.