कोंबड्या तरतरीत, मग मुलीला साल्मोनेला कुठून?

सहा_कोंबड्या:
मागच्या अंगणात आमच्या सहा कोंबड्या आहेत, दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझ्या ४ वर्षांच्या मुलीला एकाएकी ताप भरला, पोटात कळा, जुलाब, त्यात थोडं रक्तही. तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "घरी कोंबड्या आहेत का?" मी चक्रावलेच. सहाही जणी तरतरीत, तुरे लालबुंद, अंडी नेहमीसारखी. मुलगी आता बरी आहे, पण नवरा म्हणतो कोंबड्या देऊन टाकू. माझ्या जिवावर येतंय. ठेवायच्या तर नेमकं काय बदलू? खरं ते सांगते: मुलगी पिल्लांना गालाशी धरते, मुके घेते. पाण्याचं भांडं मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुते. खुराड्यात आणि घरात चप्पल एकच.

जुनं_खुराडं:
ताई, तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांतच उत्तर आहे. तो जंतू कोंबडीकडूनच आला असं खात्रीने कुणी सांगणार नाही, कच्च्या मांसातूनही येतो. पण साल्मोनेला कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो आणि तिला काही होत नाही. विष्ठेतून बाहेर पडला की पिसांवर, पायांवर, दाण्याच्या भांड्यावर, मातीत, सगळीकडे. म्हणून "आजारी दिसत नाही" याला काही अर्थ नाही.

मी ९ वर्षं कोंबड्या पाळतोय. माझ्याकडे खुराड्याच्या दाराशी रबरी बूट ठेवलेले असतात, ते घराचा उंबरा ओलांडत नाहीत. भांडी बाहेरच्या नळावर, वेगळ्या ब्रशने. आणि हात: साबणाने, निदान २० सेकंद, नखांच्या कडांसकट. सॅनिटायझर मातीने भरलेल्या हातावर नीट काम करत नाही, त्यावर विसंबू नका.

खुराडं झाडताना जपा. वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाते. आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क, मग खरडायचं. जंतुनाशक सगळ्यात शेवटी, कारण घाणीच्या थरावर ओतलं तर ते वाया जातं. हे मला फार उशिरा कळलं.

अजून एक. चौथ्या वर्षी मी दोन नव्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडल्या. बाराव्या दिवशी मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. पाच कोंबड्या गेल्या, माना पिरगळलेल्या, मी काही करू शकलो नाही. तेव्हापासून नवीन पक्षी ३० दिवस वेगळा, त्याचं दाणापाणी शेवटी. लस तर हवीच.

वॉर्डातली_ताई:
मी परिचारिका आहे, बालरुग्ण विभागात. ५ वर्षांखालची मुलं, ६५ वर्षांवरची माणसं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना हा आजार जास्त त्रास देतो. जंतू पोटात गेल्यापासून ६ तास ते ६ दिवसांत लक्षणं दिसतात, बहुतेकांना ४ ते ७ दिवसांत उतार पडतो. लहान मुलांत खरी भीती शरीरातलं पाणी कमी होण्याची. लघवी कमी झाली, मूल सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका. सरसकट अँटिबायोटिक लागत नाही, ते डॉक्टर ठरवतील. कृपा करून कोंबड्यांनाही "खबरदारी म्हणून" अँटिबायोटिक पाजू नका, जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

मुलीला पिल्लं लांबून बघू द्या. मुके पूर्ण बंद.

सहा_कोंबड्या:
दोघांचेही मनापासून आभार. आजच भांडी बाहेर काढली. अंड्यांचं काय? मी थंड पाण्याने धुऊन ठेवते. आणि कालपासून एक कोंबडी कोपऱ्यात मान घालून बसली आहे, म्हणून जीव धास्तावलाय.

जुनं_खुराडं:
थंड पाण्याने धुऊ नका. आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या कापडाने पुसा, तडकलेलं टाकून द्या, बाकीची फ्रिजमध्ये. साल्मोनेला कधी कधी कवच बनण्याआधीच अंड्यात शिरलेला असतो, म्हणून मुलीला अर्धकच्चं अंडं अजिबात नको. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

त्या कोंबडीला आत्ताच वेगळी करा, हातमोजे घालून, आणि पशुवैद्याला दाखवा. एकटीच असेल तर खुडूक बसण्यापासून जंतांपर्यंत काहीही असू शकतं. पण दोन-तीन एकदम मेल्या, डोकं सुजलं, तुरे निळेजांभळे पडले, तर बर्ड फ्लूची शंका घ्यायची. १९९७ मध्ये हाँगकाँगला बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची १८ माणसांना लागण झाली, त्यातली ६ दगावली. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापून तर मुळीच बघू नका, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवा. तुमच्या कोपऱ्यातल्या कोंबडीची विष्ठा कशी आहे ते बघून इथे लिहा. रक्त असेल तर रक्ती हगवणीची शक्यता आहे, त्याचं औषध मिळतं.