मदत हवी: शेवाळाच्या प्लेटी पिवळ्या पडतायत, सबमिशन तोंडावर!

हिरवीगार: एमएस्सीचं प्रोजेक्ट. जीन नॉकआउट केला, म्हणजे काढून टाकला. स्पेक्टिनोमायसिन या अँटिबायोटिकवर कॉलनी (पेशींचे ठिपके) येतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या. रीस्ट्रीक केल्या, म्हणजे नव्या प्लेटीवर ओढल्या, की पिवळ्या पडून मरतात. तीनदा झालं. गाइड म्हणतात, "परत कर." कोणीतरी लवकर सांगा प्लीज.

भोचक: कुठला स्ट्रेन, कुठला जीन, कुठलं मीडियम? हे म्हणजे "गाडी बंद पडली, काय करू?" झालं.

हिरवीगार: स्ट्रेन सिनेकोकॉकस ७९४२, मीडियम बीजी-११. वाईल्ड टाइप, म्हणजे जीन न काढलेला, मस्त वाढतोय.

गच्चीशेती: नायट्रेट कमी पडलं की पिवळं पडतंच. माझ्या स्पिरुलिनाच्या टाकीत दोनदा झालं. किंचित युरिया टाका.

भोचक: काका, त्याच मीडियमवर वाईल्ड टाइप वाढतोय ना? मग नायट्रेट कुठून कमी पडेल? जीन सांगा हो ताई.

वडपिंपळ: एवढ्या खटाटोपापेक्षा झाडं लावा की.

हिरवीगार: सीसीएमएम, कार्बोक्सिसोम बांधायला लागतो तो. कार्बोक्सिसोम म्हणजे रुबिस्कोचं, कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइमचं, कवच. ते काढून रुबिस्कोला वेगळं कवच करून बघायचंय.

भोचक: घ्या! आणि इनक्युबेटरमध्ये कार्बन डायऑक्साइड किती?

हिरवीगार: साधी हवा. सगळ्यांकडे असते तीच.

भोचक: तिथंच घात झाला. हे रुबिस्को ऑक्सिजनलाही चिकटतं. कार्बोक्सिसोम त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवतो. तो काढलात, मग हवेतल्या ०.०४ टक्क्यांवर ते उपाशीच. ३-५ टक्के द्या. २०१४ मध्ये याच ७९४२चं रुबिस्को तंबाखूत घातलं, त्या रोपांनाही जादा कार्बन डायऑक्साइड द्यावा लागला होता.

गच्चीशेती: मग खायचा सोडा घाला!

भोचक: बायकार्बोनेट पेशीत साठेल, पण कार्बोक्सिसोमशिवाय ते रुबिस्कोच्या तोंडी कोण घालणार?

सूक्ष्मा: पहिल्या कॉलनींचा पीसीआर (डीएनएची तपासणी) केलात? या जिवात क्रोमोसोमच्या बऱ्याच कॉपी असतात. वाईल्ड कॉपी उरलीय तोवर जगतात, रीस्ट्रीकमध्ये ती गेली की मरतात.

हिरवीगार: पीसीआरमध्ये दोन बँड (डीएनएच्या पट्ट्या) आले होते, एक वाईल्ड कॉपीचा. मला वाटलं कंटॅमिनेशन 🤦 पण आमच्याकडे सीओटू इनक्युबेटर नाही.

सूक्ष्मा: कॅण्डल जार करा. काचेच्या डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) प्लेटी, मेणबत्ती पेटवा, कडेला ग्रीज लावून झाकण ठेवा. विझली की साधारण ३ टक्के मिळतात. रोज नव्याने करा, शेवाळ ते खाऊन टाकतं.

भोचक: काचेवर काजळी धरते, उजेड जातो. सिलिंडर मागवा.

सूक्ष्मा: सिलिंडरची मंजुरी येईपर्यंत सबमिशन होऊन जाईल. काजळी पुसता येते.

गच्चीशेती: कोणाला स्पिरुलिना पावडर हवीय का?

हिरवीगार: वाढदिवसाच्या मेणबत्त्या चालतील? लॅबमध्ये त्याच आहेत.

सूक्ष्मा: एकदम चार लावा. एकटी आधीच जळून संपेल.