सोसायटी ग्रुप : उद्या चर्चला काय आहे?

सी-१०४ : चर्चकडे लायटिंग आणि मंडप दिसतोय, उद्या रस्ता बंद असणार का, मला सकाळी मुलीला परीक्षेला सोडायचंय. नाताळ तर कधीच झाला ना

ए-३०२ आंटी : सकाळी काही नाही, बिनधास्त जा. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, ती संध्याकाळी आहे. उद्या ६ फेब्रुवारी, संत गोन्सालो गार्सियांचा सण. त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, चालू होता, गाणी ऐकू आली असतील ना

बी-४०३ : आंटी हे म्हणजे आपल्या वसईच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच का? मी तिथे तीन वर्षं काढली पण हे कोण कधी विचारलंच नाही 😄 कोणी पोर्तुगीज फादर असतील असं वाटायचं

ए-३०२ आंटी : अरे देवा. फादर पण नाही आणि परका पण नाही, वसईचंच पोर ते! बाप पोर्तुगीज पण आई इथलीच. १५५७ च्या आसपासचा जन्म, किल्ल्यात जेझुइट संघाच्या फादरांकडे शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी इतकं छान बोलायला लागला की लोक ऐकत बसायचे. पण जेझुइटांनी त्याला संघात काही घेतलं नाही, मग काही वर्षं व्यापार केला, चांगला चालला म्हणतात, आणि शेवटी ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला

सी-१०४ : मग परत आले का वसईला

ए-३०२ आंटी : नाही हो. १५९३ ला दुभाषा म्हणून परत जपानला. तिथे हिदेयोशी नावाच्या सत्ताधीशाचं राज्य, आधी बरं चाललं होतं, पण १५९६ ला एक स्पॅनिश जहाज तिथे किनाऱ्याला लागलं आणि या मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचं सैन्य येणार असा संशय बसला. क्योटो आणि ओसाकात त्याच्यासकट २४ जणांना पकडलं, क्योटोत डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर थंडीत महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघं होते त्यांनाही धरलं, म्हणून २६. त्यात एक पोरगा तर १२ वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसाला बांधून भाल्यांनी मारलं. मला हे सांगताना अजून कसंतरी होतं

डी-५०१ : थांबा, नागासाकीची ती टेकडी?? मी ऑफिसच्या कामाला गेलो होतो तेव्हा बघितली, २६ पुतळे एका ओळीत. फोटो पण काढला. त्यात वसईचा माणूस आहे हे मला इथे घरी बसून कळतंय

बी-४०३ : पण भारतातल्या पहिल्या संत अल्फोन्सा ना? केरळच्या

ए-३०२ आंटी : त्या पहिल्या महिला संत, २००८. आमचे १८६२ लाच झाले

सी-१०४ : पण मग ५ ला वारले तर सण ६ ला कसा

ए-३०२ आंटी : ५ ला संत आगाथाचा सण आधीपासूनच होता, म्हणून एक दिवस पुढे. तारखांचं पण पार्किंगसारखंच, जो आधी आला त्याची जागा

बी-४०३ : 😂 आंटी संध्याकाळी किती वाजता? आईला घेऊन येतो, जुनं कॉलेज आयडी दाखवलं तर पुढे बसायला देतील का

ए-३०२ आंटी : साडेसहा. आयडी नको, लवकर ये. आणि डी-५०१, तो फोटो टाका बघू आधी

डी-५०१ : शोधतोय, जुन्या फोनमध्ये आहे. चार्जर मिळत नाहीये