पोळ्याला मांडलेली जुनी अवजारे : इंदूरकरांचे अनुभव

धागाकर्त्याचे निवेदन
पिठोरी अमावास्येला इंदूरच्या आसपासच्या काही गावांत आता बैलांबरोबर जुनी अवजारे, इंजिने आणि ट्रॅक्टरही मांडले जातात. तिथे गेलेल्या किंवा घरचे अवजार घेऊन उतरलेल्या मंडळींनी अनुभव लिहावेत, ही विनंती. केवळ जुन्या दिवसांचे कौतुक नको. ते अवजार चालत कसे असे आणि ते चालवणारा माणूस आज गावात आहे का, हे अवश्य लिहावे. (आपल्या पंचांगात ही श्रावणातली अमावास्या असते आणि माळवी शेजाऱ्यांच्या पंचांगात भाद्रपदातली, परंतु दिवस एकच.)

रामबाग
सांवेरकडे आमच्या मामांची शेती आहे. त्यांच्या विहिरीवरचे राजकोटी बनावटीचे, लिस्टर या इंग्रजी कंपनीच्या धाटणीचे डिझेल इंजिन मिनिटाला जेमतेम 650 फेरे घेते. वीज आल्यावर ते गोठ्यात पडून होते. आता पोळ्याला ते चावडीसमोर सुरू करतात आणि सर्वाधिक गर्दी त्याच्याभोवतीच जमते. आधी खटका उचलून झडप उघडी ठेवायची, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. जड फ्लायव्हीलने वेग धरला की खटका पाडायचा आणि इंजिनाने पेट घेताच हँडल काढून घ्यायचे. मामा पोरांना हँडल धरायला शिकवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला लावतात, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडलभोवती वळवलेला अंगठा मोडतो. हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. शेजारीच चकचकीत रंगवलेले, पण आतून गंजून जाम झालेले एक इंजिन ठेवलेले असते. त्यापेक्षा मला मामांचे गळके, धूर ओकणारे इंजिन केव्हाही बरे वाटते.

लोकमान्य नगर
आम्ही देपालपूरच्या बाजूला मोट, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी काढायची मोठी पिशवी, पाहिली. मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा भरलेली मोट वर ओढतो, तर बारीक सोल तिची सोंड, म्हणजे पाणी ओतायची खालची नळी, वर धरून ठेवतो. दोन्हींच्या लांबीचा हिशेब असा जमवलेला असतो की मोट काठाशी पोहोचताच सोंड थारोळ्यावर (काठावरच्या हौदावर) ओढली जाते आणि पाणी आपोआप मोकळे होते. धावेवरून (विहिरीपासून उतरत जाणाऱ्या बैलांच्या वाटेवरून) उतरताना बैल भार ओढतात, हे सोपे. पण मोट पुन्हा विहिरीत सोडताना त्यांना उलट्या पावलांनी चढावे लागते आणि ती सवय आजच्या बैलांना राहिलेली नाही. म्हणून गावकऱ्यांनी नाडा चक्क ट्रॅक्टरला बांधला. माळवी बैलांची देखणी जोडी शेजारी झूल घालून उभी होती! मला ते काही पटले नाही.

सुदामा नगर
वरील ताईंशी मी सहमत नाही. भिंतीवर टांगलेल्या मोटेपेक्षा ट्रॅक्टरने ओढलेली मोट बरी. निदान सोंड कशी उलगडते हे माझ्या मुलीला कळले.

स्नेहलतागंज
या मांडणीत सारे काही लोखंडाचे आणि लाकडाचे असते; खताचा खड्डा कोणीच दाखवत नाही, याचे मला नवल वाटते. 1924 साली इंदुरात सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते आणि 1931 साली हॉवर्ड व यशवंत वाड यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओल राखून ते ठरावीक काळाने उलथायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. पोळ्याच्या महिनाभर आधी एक खड्डा भरून ठेवला, तर थर कसे कुजत जातात हे लोकांना प्रत्यक्ष पाहता येईल आणि खर्चही फारसा येणार नाही.

महू
आमच्याकडे वडिलांचा एचएमटीचा दोन सिलिंडरचा झेटर 2511 आहे. ट्रॅक्टर चालतो, परंतु कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना बंद झाल्यापासून सुटे भाग भंगार बाजारात हुडकावे लागतात. कोणाकडे त्याचा हायड्रॉलिक पंप असल्यास कृपया कळवावे.

रामबाग
महूच्या दादांना : मामांच्या गावी असाच एक झेटर उभा आहे. त्याचे इंजिन गेले आहे, मात्र मागची हायड्रॉलिक लिफ्ट शाबूत आहे. मालक पोळ्याला भेटतील, तेव्हा विचारून सांगतो.