संगणकीय विचार कागदावर शिकवावा की यंत्रावर?

रेषाखंड
संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या २००६ सालच्या लेखानंतर ‘संगणकीय विचार’, म्हणजे प्रश्नाची फोड करून पायरीपायरीने उत्तर शोधणे, हे कौशल्य प्रत्येकालाच हवे, ही मांडणी सर्वदूर पोचली. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आहे. माझे म्हणणे असे की, पडद्यापुढे बसवण्याआधी मुलांना प्रश्नाची फोड करणे कागदावरच शिकवावे. वर्णानुक्रमाने लावलेल्या १,००० नावांत एक नाव शोधताना दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाद केली, तर फार तर १० तुलनांत काम भागते. हे उमगायला संगणक लागत नाही.

तळमजला
असहमत. तुमचेच उदाहरण तुमच्यावर उलटते. निम्मी यादी बाद करण्याचा हाच ‘द्विभाजन शोध’ संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात अचूक असल्याचे सिद्ध करून दाखवला होता. तरीही त्या प्रोग्राममध्ये, आणि जावा या संगणकभाषेसोबत येणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या प्रमाण संग्रहातही, मध्य काढण्यासाठी दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागले होते. संगणक संख्या ठराविक जागेत साठवतो; ३२ बिटांच्या (शून्य-एकच्या ३२ घरांच्या) पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७च्या पुढची बेरीज मावत नाही. ती ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. टोकांमधील फरकाचे निम्मे खालच्या टोकात मिळवले की दोष जातो. कागदावरची बेरीज मात्र कधीच ‘ओसंडत’ नाही, मग मुलाला ही मर्यादा दिसणार कुठे?

पाटीपेन्सिल
थोडे विषयांतर वाटेल, पण मुलांसाठीच्या लोगो या संगणकभाषेतले, आज्ञेनुसार पडद्यावर रेषा काढत चालणारे कासव आठवा. त्रिकोण काढायला मूल कासवाला ६० अंश वळवते आणि समोर षटकोन उमटू लागतो. वळायचे असते १२० अंश, कारण कासव बाह्यकोनातून वळते. ही चूक शिक्षकाने लाल शाईने दाखवण्यापेक्षा पडद्यावर दिसलेली बरी, असे मला वाटते.

रेषाखंड
कासवाचे मान्य. जावाचे नाही. तो दोष सुमारे १०७ कोटींहून मोठ्या यादीतच प्रकटतो, त्यामुळे सहावीतल्या मुलाची आणि त्याची गाठ पडणे अशक्यच. शिवाय तो संग्रह सुमारे नऊ वर्षे अगणित यंत्रांवर चालत होता, तरी दोष तसाच राहिला. ‘सर्वांत मोठी किंमत आली तर काय?’ हा प्रश्न विचारण्याची सवय यंत्र लावत नाही.

तळमजला
तो प्रश्न बेंटलींसारख्यांनाही सुचला नव्हता. जावातला तो शोध लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली तो दोष जाहीर केला, तोही कोणाचा तरी चालता प्रोग्राम मोडल्यावर आलेल्या तक्रारीमुळे.