मदत हवी आहे: एका ठोशात लढत संपवणाऱ्या हेवीवेटविरुद्ध तीन फेऱ्यांची आखणी

नमस्कार.

मी ज्या मुष्टियोद्ध्याच्या कोपऱ्यात (म्हणजे लढतीत त्याला मार्गदर्शन करायला) उभा राहतो, त्याची हेवीवेट गटातील लढत सहा आठवड्यांवर आली आहे. समोरचा खेळाडू उजव्या हाताच्या एका ठोशात लढत संपवणारा म्हणून ओळखला जातो. लढत हौशी गटातली आहे: तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती, हेडगार्ड (डोक्याचे संरक्षक कवच) नाही. दोघांचे वजन जवळपास सारखे आहे.

प्रतिस्पर्ध्याच्या चार लढतींचे चित्रीकरण आम्ही थांबवून थांबवून पाहिले. तो उजवा ठोसा वाटेल तेव्हा मारत नाही. समोरचा खेळाडू जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून सरळ रेषेत मागे सरकला, की त्या मागे जाणाऱ्या डोक्याचा पाठलाग करत हा ठोसा येतो. किंवा समोरच्याची पाठ दोराला टेकली, की येतो. दोन्ही वेळी त्याआधी तो डावा हात अंतर मोजल्यासारखा पुढे लांबवून ठेवतो. उजवा चुकला तरी धोका टळत नाही, कारण तोपर्यंत त्याच्या शरीराचा भार डाव्या पायावर आलेला असतो आणि तिथूनच डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) सुटतो. मात्र छातीला छाती लागेल इतक्या जवळून चारही लढतींत त्याला काहीही करता आलेले नाही. त्याचा जॅब साधारण आहे.

आमचा खेळाडू उंचीने थोडा जास्त आहे, हात लांब आहेत, जॅब चांगला आहे आणि पाय हलके आहेत. त्याचा दोष मात्र नेमका घातक ठिकाणी आहे. ताजातवाना असताना जॅबचा हात हनुवटीपाशी परततो, दमला की छातीपाशी. आणि दमल्यावरच तो सरळ मागे दोन पावले टाकतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला हवी असलेली संधी तिसऱ्या फेरीत आमचाच मुलगा त्याच्या हातात देईल, अशी मला भीती वाटते.

'जोरात मारणारा लवकर दमतो, त्याला दमू द्या' हा सल्ला मला अनेकांनी दिला, आणि प्रत्येकाने दाखला दिला तो ३० ऑक्टोबर १९७४ च्या किन्शासातील मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या हेवीवेट लढतीचा. फोरमन तेव्हा ४० पैकी ४० लढती जिंकलेला होता, त्यातल्या ३७ नॉकआउटने. फ्रेझर आणि नॉर्टन या दोघा नामांकित हेवीवेटनाही त्याने दुसऱ्याच फेरीत संपवले होते. अलीने दोरांना रेलून त्याचे ठोसे हातांवर झेलले आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडले, हे खरेच आहे. पण ती लढत १५ फेऱ्यांची ठरलेली होती. आठव्या फेरीअखेर जवळपास २४ मिनिटांचा खेळ झालेला होता, आणि आमची सगळी लढत ९ मिनिटांची आहे. शिवाय अली फोरमनची मान हाताने खाली दाबून धरत असे, त्याबद्दल आमच्याकडे रेफरी लगेच ताकीद देईल. दमणूक हा आमच्या आखणीचा पाया होऊ शकत नाही, असे माझे मत झाले आहे.

दुसरा सल्ला लांब राहून जॅबवर गुण मिळवत जाण्याचा आहे, आणि आमच्या मुलाच्या शरीरयष्टीला तो शोभतोही. टोकियोत ११ फेब्रुवारी १९९० रोजी बस्टर डग्लसने तोवर अजिंक्य असलेल्या हेवीवेट विजेत्या माइक टायसनला मुख्यतः जॅब आणि त्यामागून येणारा उजवा यांच्या जोरावर हरवले. तरीही आठव्या फेरीच्या अखेरीस एका अपरकटने (खालून वर येणाऱ्या ठोशाने) डग्लस खाली गेलाच होता. तो उठला म्हणून दहाव्या फेरीतला विजय शक्य झाला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हेवीवेट लुईस ऑर्टिझ जबर उजव्या ठोशाच्या डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध गुणांत पुढे होता आणि सातव्या फेरीत एकाच उजव्या ठोशाने सारे संपले. गुणांची आघाडी हनुवटीचे रक्षण करत नाही, हे मला त्या मुलाला पटवून द्यायचे आहे, पण त्याचे पाय भीतीने जखडूनही टाकायचे नाहीत.

म्हणून माझा प्रश्न नेमका एवढाच आहे: जॅब मारून झाल्यानंतर त्याने कुठे जावे? मागे, बाजूला की आत? आणि उरलेल्या सहा आठवड्यांत ही सवय अंगात कशी मुरवावी?

प्रतिसाद १

तुमचे निरीक्षण चांगले आहे, आणि निम्मे उत्तर त्यातच आलेले आहे. लांबून त्याचा हात पोहोचत नाही, अगदी जवळून त्याला हात फिरवायला जागा नसते. धोका मधल्या हातभर पट्ट्यात आहे. त्या पट्ट्यातून जाता-येता जितका वेळ मोडेल, तितकी जोखीम. त्यामुळे तिथे थांबायचे नाही, हा एक नियम सराव करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

ब्रिटिश हेवीवेट फ्युरी आणि वाइल्डर यांच्या पहिल्या दोन लढती शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये फ्युरी बहुतांश लांबून खेळला, नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली गेला आणि लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पहिल्या घंटेपासून पुढे सरकत राहिला आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला, म्हणजे हार मान्य केली. उजव्या ठोशाची ताकद मागच्या पायाने जमीन रेटण्यातून येते. मागे मागे जावे लागणाऱ्याला तो रेटा मिळत नाही. अर्थात दुसऱ्या लढतीत फ्युरी सुमारे १९ किलोने जड होता, तो फायदा तुमच्याकडे नाही. त्यामुळे सतत अंगावर जाण्याचा आग्रह मी धरणार नाही.

माझे उत्तर असे आहे. एकट्या जॅबनंतर बाजूला जावे, म्हणजे आपल्या उजवीकडे एक पाऊल टाकून त्याच्या डाव्या खांद्याच्या बाहेर. तिथे उजवा ठोसा पोहोचायला त्याला पाय वळवावे लागतात. पण हीच दिशा त्याच्या डाव्या हुककडे नेते, म्हणून हे पाऊल टाकताना उजवा ग्लव्ह गालाला चिकटलेला हवा आणि सलग दोनदा त्याच दिशेने जायचे नाही. जॅबमागून उजवा मारला असेल, तर मात्र बाहेर पडायचेच नाही. त्याच वेगात आत शिरून खांदा त्याच्या छातीला लावायचा आणि आपले हात त्याच्या हातांच्या आतल्या बाजूला घालायचे. पकडून धरू नका, गुण जाईल. हेवीवेट होलिफिल्डने १९९६ मध्ये टायसनला असेच जवळ घेऊन त्याची जागा काढून घेतली होती. रेफरीने 'ब्रेक' म्हटल्यावर दोघांनाही एक पाऊल मागे यावे लागते, तेव्हा हात वर ठेवूनच मागे या.

प्रतिस्पर्धी डावा हात लांबवून ठेवतो, हा तुमचा सर्वांत मोठा ठेवा आहे. तो हात दिसला, की त्याच क्षणी छातीवर जॅब मारायचा. डोके हलते, छाती हलत नाही; आणि छातीवर ठोसा बसला की खांद्याचे वळणे अर्ध्यावर तुटते.

सवयीबद्दल सांगायचे, तर सरावात ठोसे झेलण्याचे पॅड धरणाऱ्याने दर जॅबनंतर मऊ फोमची काठी मुलाच्या डाव्या कानाच्या दिशेने फिरवावी. हात खाली आला, की ती लागते. हा सराव सत्राच्या सुरुवातीला नको, शेवटी, तो दमलेला असताना हवा, कारण दोष तेव्हाच दिसतो. आणि मनापासून विनंती आहे: जबर मारणाऱ्याची सवय व्हावी म्हणून त्याला जबर मारणाऱ्यासमोर स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) उभा करू नका. ठोसे खाऊन हनुवटी घट्ट होत नाही. स्पॅरिंगमध्ये तो एकदा जरी हादरला, तरी डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डोक्यावरचा मार पूर्ण बंद ठेवा, मग लढत सोडावी लागली तरी चालेल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. छातीवरच्या जॅबचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. चित्रीकरण पुन्हा पाहिले. डावा हात लांबवल्यापासून ठोसा सुटेपर्यंत तो दर वेळी क्षणभर थांबतो, तेवढा वेळ आम्हाला पुरेल असे वाटते. काठीचा सराव कालपासून सत्राच्या अखेरीस सुरू केला आणि पहिल्या दहा मिनिटांत ती अकरा वेळा लागली.

एक गोष्ट मी आजच ठरवली आणि मुलालाही सांगितली. तो खाली गेला, तर घाईने उठायचे नाही. रेफरीची मोजणी आठपर्यंत जातेच, तेवढा वेळ घ्यायचा आणि माझ्याकडे पाहायचे. दुसऱ्यांदा गेला, तर गुण काहीही असोत, टॉवेल मी टाकणार आहे. त्याला ते आवडले नाही, पण त्याने मान डोलावली.

आता एकच शंका उरते. स्वतःचा चांगला ठोसा बसला, की हा मुलगा परिणाम पाहायला त्याच मधल्या पट्ट्यात उभा राहतो. ही सवय आपल्यापैकी कोणी मोडून काढली असेल, तर कशी, ते कृपया सविस्तर लिहावे.